‘मला नाही जमणार’पासून ‘करून बघते’पर्यंत



शाळा जूनमध्ये उघडतात. त्याआधीचे दिवस आपल्याकडे कसे जातात ते तुम्हाला सांगायला नको. छपरावर प्लास्टिक टाकायचं, वह्या-दप्तराचा खर्च जमवायचा, गावाला गेलेली माणसं परत यायची. या गडबडीत एक निर्णय मात्र कुणाच्या लक्षात न येता होऊन जातो. सातवी किंवा आठवी झालेली मुलगी पुढच्या शाळेत जाणार की घरी राहणार, हा तो निर्णय.

आपल्या संघातल्या बऱ्याच ताई आरेतल्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या पाड्यांवर, गोराई-मनोरीच्या गावठाणांत, मुलुंडच्या डोंगरउतारावर राहतात. जवळची महापालिकेची शाळा अनेक ठिकाणी सातवी-आठवीपर्यंतच असते. पुढची शाळा म्हणजे बस, बोट, स्टेशन, नवीन बाई, नवीन पोरं. मुलगी म्हणते, “मला नाही जमणार.” आई म्हणते, “राहू दे मग, कशाला तिला त्रास.” कुणी भांडलं नाही, कुणी शाळा बंद केली नाही, तरी शाळा सुटली.

म्हणून या अंकात मुलांना सवयीच्या बाहेर एक पाऊल कसं टाकायला लावायचं, यावर बोलूया. मुलगी असो की मुलगा, पहिलीतला असो की दहावीतला, हे सगळ्यांनाच लागू आहे.

तीन वर्तुळं

प्रशिक्षणात ‘कम्फर्ट झोन’ हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. साधा अर्थ सांगते. अंगणात रांगोळीनं एकात एक अशी तीन वर्तुळं काढली आहेत असं समजा.

सगळ्यात आतलं वर्तुळ म्हणजे सवयीचं. आपलं घर, आपली बोली, आपला पाडा, रोजच्या मैत्रिणी. इथे मुलाला काही विचार करावा लागत नाही. इथे त्याला बरं वाटतं, आणि ते वाटायलाही हवं.

मधलं वर्तुळ थोडं अवघड आहे. छातीत धडधडतं, हात घामेजतात, पण कुणी सोबत असलं तर जमतं. वर्गात उठून प्रश्न विचारणं, दुकानात हिशेब करून सुट्टे पैसे परत आणणं, नवीन शाळेत पहिल्या दिवशी जाणं, हे सगळं या वर्तुळात येतं.

सगळ्यात बाहेरचं वर्तुळ भीतीचं आणि धोक्याचं. तिथे मूल शिकत नाही, नुसतं घाबरतं. पोहता न येणाऱ्या मुलाला खाडीत ढकललं तर तो पोहायला शिकत नाही, पाण्याला कायमचा भितो.

मुलं वाढतात ती मधल्या वर्तुळात. लेव्ह वायगॉट्स्की (१८९६-१९३४) नावाचे रशियातले मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी मांडलेली गोष्ट आपल्याला सहज पटेल. मूल एकट्यानं जे करू शकतं आणि जाणत्या माणसाच्या मदतीनं जे करू शकतं, त्यांच्यामध्ये एक जागा असते. शिकणं त्या जागेत होतं. आज जे मदतीनं जमलं, ते उद्या एकट्यानं जमतं. म्हणजे आपण दोन चुका टाळायच्या. मुलाला आतल्या वर्तुळात कोंडून ठेवायचं नाही, आणि एकदम बाहेरच्या वर्तुळात फेकायचंही नाही.

हे आपण आधीच केलेलं आहे

तुम्ही म्हणाल, हे मानसशास्त्र वगैरे आम्हाला कुठून जमणार? पण तुमचा बचत गट याच रीतीनं उभा राहिला.

पहिल्या बैठकीला कितीजणी नाव सांगतानाही पदर तोंडाशी धरत होत्या ते आठवा. आधी नुसती बचत. मग अंगठ्याऐवजी सही. मग गटातूनच छोटं अंतर्गत कर्ज. ते वेळेवर फेडलं, की त्याहून थोडं मोठं. वह्या नीट राहिल्या, परतफेड नीट झाली, की मग बँकेचं कर्ज. पहिल्याच महिन्यात गटाच्या हातात लाखाचं कर्ज कुणी ठेवलं नाही. ठेवलं असतं तर गट मोडला असता. आणि आयुष्यभर नुसती बचतच करत बसलो असतो, तर गट वाढला नसता.

मुलांचीही पत अशीच वाढते. इथे पत म्हणजे त्यांचा स्वतःवरचा भरवसा. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली या भरवशावर लिहिलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तो मुख्यतः चार वाटांनी येतो. पहिली आणि सगळ्यात पक्की वाट म्हणजे स्वतः करून पाहिलेलं आणि जमलेलं काम. दुसरी, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते करताना पाहणं. तिसरी, जवळच्या माणसाचा धीराचा शब्द. चौथी, शरीराची आणि मनाची त्या वेळची अवस्था. भुकेलं, जागरण झालेलं किंवा नुकतंच ओरडा खाल्लेलं मूल नवीन काही करायला धजत नाही.

बघा, आपण बहुतेकजणी तिसरी वाटच धरतो. “घाबरू नकोस, काही होत नाही,” एवढं सांगतो आणि सोडून देतो. शब्द हवेतच, पण मुलानं हातानं केलेल्या छोट्या कामाची जागा ते घेऊ शकत नाहीत.

कोसबाडची वाट

आपल्या शेजारच्या पालघर भागातलं एक उदाहरण सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली मुलं वारल्यांची आणि आजूबाजूच्या आदिवासी पाड्यांवरची. शाळा म्हणजे काय हे त्यांच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. मुलं शाळेत येईनात.

मग या दोघींनी काय केलं? मुलांना ओढून शाळेत नेण्याऐवजी शाळा पाड्यावर नेली. घराच्या अंगणातच मुलांना जमवलं, गाणी-गोष्टी, खेळ, स्वच्छता, तिथे मिळणाऱ्या वस्तूंनी शिकवणं. तीच ‘अंगणवाडी’. आज गावोगाव आपण जो शब्द वापरतो, तो या कामातून आला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी गुरं चरतात त्या कुरणात शाळा भरवली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत.

यातून आपण काय घ्यायचं? मूल जिथे उभं आहे तिथूनच पहिलं पाऊल टाकायचं. आधी त्याच्या अंगणात, मग अंगणाच्या कडेला, मग बाहेर. आणि पाऊल टाकायला लावणाऱ्या बायकांनीही स्वतः मोठं पाऊल टाकलं होतं, हेही लक्षात ठेवा. अनुताई बालविधवा होत्या. त्या काळात त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि घरापासून लांब येऊन पाड्यांवर राबल्या.

अलीकडची गोष्ट हवी असेल तर चंद्रपूरची घ्या. मे २०१८ मध्ये तिथल्या आश्रमशाळांमधल्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं. त्यात मनीषा धुर्वे ही मुलगी होती. आदिवासी विकास विभागाची ती ‘मिशन शौर्य’ मोहीम. बातमी वाचताना वाटतं, मुलं थेट हिमालयात गेली. तसं झालं नव्हतं. ऑगस्ट २०१७ पासून त्यांची तयारी चालू होती. आधी वर्धा, मग हैदराबाद, मग दार्जिलिंग, मग लेह-लडाख, असं एकेका टप्प्यानं त्यांना नेलं. आपल्या घरातलं एव्हरेस्ट बोरिवली स्टेशन असलं तरी रीत हीच.

कौतुक कशाचं करायचं?

आपण लाडानं म्हणतो, “माझा बाळ्या फार हुशार आहे.” यात वावगं काय? क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या अमेरिकेतल्या दोन संशोधक बायकांनी हे तपासलं आणि १९९८ साली प्रसिद्ध केलं. पाचवीच्या मुलांना त्यांनी कोडी सोडवायला दिली. काहींना सांगितलं, “तू हुशार आहेस.” काहींना सांगितलं, “तू खूप मेहनत घेतलीस.” पुढे हुशारीचं कौतुक झालेली मुलं जास्त करून सोपं काम मागू लागली. मेहनतीचं कौतुक झालेली बहुतेक मुलं अवघड काम घ्यायला तयार झाली. मुद्दाम कठीण कोडी देऊन सगळ्यांना अपयश आलं, त्यानंतर पहिल्या मुलांची कामगिरी घसरली.

कारण सरळ आहे. ‘हुशार’ हा शिक्का बसला, की मूल तो सांभाळायला लागतं. चुकलो तर शिक्का जाईल, मग नवीन काही करायचंच कशाला?

म्हणून जे केलं त्याचं नाव घेऊन बोला. “हुशार गं माझी” याऐवजी “गणित चुकलं तरी तू खोडून परत मांडलंस.” “बघ, पहिला आला” याऐवजी “रोज संध्याकाळी वाचायला बसलास, ते दिसलं.” आणि जमलं नाही तेव्हा “तुला सांगितलं होतं ना” हे तर अजिबात नको. तेव्हा विचारा, “कुठे अडलं? उद्या काय वेगळं करशील?”

वयाप्रमाणे छोट्या पायऱ्या

पहिली ते चौथी: पाहुण्यांना स्वतःचं पूर्ण नाव, शाळा, इयत्ता सांगणं. जवळच्या दुकानातून एक वस्तू आणून हिशेब देणं. शाळेत तहान लागली, शू लागली, समजलं नाही, हे बाईंना स्वतः सांगणं. हे शेवटचं लहान वाटतं, पण कितीतरी मुलं तेवढंच न बोलल्यामुळे रडत घरी येतात.

पाचवी ते सातवी: गटाच्या बैठकीत मागच्या वेळचं इतिवृत्त मोठ्यानं वाचून दाखवणं. तुमच्या पासबुकातली बेरीज तपासणं. वर्गात आठवड्याला एक प्रश्न विचारणं. मराठीत नीट बोलायला लाजणाऱ्या मुलाला आधी घरच्या बोलीत गोष्ट सांगू द्या, मग तीच मराठीत.

आठवी ते दहावी: बँकेची स्लिप भरणं, फॉर्म लिहिणं, एखाद्या परीक्षेला बसणं. आठवीत असताना एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा देता येते. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी ती आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अर्ज शाळेतूनच भरायचा असतो, म्हणून मुख्याध्यापकांना आत्ताच विचारून ठेवा. चित्रं चांगली काढणाऱ्या मुलांसाठी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा आहेत. निवड झाली नाही तरी परीक्षेच्या हॉलमध्ये एकट्यानं बसून आलेलं मूल पुढच्या वेळी कमी घाबरतं.

नवीन शाळेच्या प्रवासासाठी चार खेपा

जूनमध्ये ज्यांच्या मुलींची शाळा बदलते आहे, त्यांनी एवढं कराच. शाळा उघडण्याआधी चार खेपा मारा.

पहिल्या खेपेला तुम्ही पुढे, मुलगी सोबत. बसचा नंबर, बोटीची वेळ, स्टेशनवरचा पूल, शाळेचं फाटक तिला दाखवा. ट्रेन असेल तर फलाटावरचा इंडिकेटर वाचायला शिकवा: गाडी कुठली, धीमी की जलद, किती वाजताची. महिला डबा कुठे थांबतो तेही.

दुसऱ्या खेपेला ती पुढे, तुम्ही मागे. तिकीट ती मागेल, रस्ता ती विचारेल. चुकली तरी लगेच टोकू नका. ती थांबेल, बघेल, कुणाला तरी विचारेल. हरवल्यावर काय करायचं ते ती तिथेच शिकते.

तिसऱ्या खेपेला ती आणि त्याच शाळेत जाणारी दुसरी मुलगी, आणि तुम्ही शाळेच्या फाटकाशी वाट बघणार.

चौथ्या खेपेला मुली मुलीच जाऊन येतील. घरचा फोन नंबर पाठ हवा, नुसता मोबाईलमध्ये असून उपयोग नाही. विद्यार्थी पास आणि सवलतीसाठी कोणते कागद लागतात ते शाळेच्या ऑफिसमध्ये विचारून घ्या.

धाडस आणि धोका यांत गल्लत नको

आरेत आणि उद्यानाच्या कडेला बिबट्याचा वावर आहे. अंधार पडल्यावर मुलाला एकट्याला पाणी आणायला किंवा बाहेर बसायला पाठवणं, याला धीट करणं म्हणत नाहीत. भरतीच्या वेळी खाडीत उतरणं, रूळ ओलांडणं, चालत्या गाडीत चढणं, हेही नाही. नियम असा ठेवा: चुकलं तर लाज वाटेल एवढंच असेल, तर करू द्या. चुकलं तर जीवाला इजा होईल, तर नको.

आणखी एक. मूल ‘नाही’ म्हणतं तेव्हा दर वेळी ती भीड नसते. रोज जाणारं मूल अचानक शाळेला, क्लासला किंवा एखाद्या माणसाकडे जायला नको म्हणायला लागलं, पोटात दुखतं म्हणू लागलं, झोपेत दचकू लागलं, तर त्याला पुढे ढकलू नका. जवळ बसवा, विचारा, आणि सांगेल त्यावर विश्वास ठेवा. कुणी अंगाला हात लावत असेल तर १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन करता येतो. २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगी आणि मुलगा दोघांनाही संरक्षण देतो. मोठ्या माणसाला ठामपणे ‘नाही’ म्हणणं, हेसुद्धा सवयीबाहेरचं पाऊलच आहे. ते मुलांना शिकवा.

कधी वर्गात बोलीवरून, जातीवरून, कपड्यांवरून हसतात म्हणून मूल गप्प बसतं. अशा वेळी मुलाला “तू धीट हो” म्हणणं पुरेसं नाही. तिथे पाऊल आपण टाकायचं.

आपलं पाऊल

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या सदस्य महिला असायला हव्यात. ही जागा आपली आहे. शाळेत बोलावलं की पाठीमागच्या बाकावर बसून येणारी आई एकदा उठून प्रश्न विचारते, तेव्हा ते तिचं मूल बघत असतं. बंडुरांनी सांगितलेली दुसरी वाट हीच.

त्याच कायद्यात पहिली ते आठवीसाठी असंही आहे, की शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. “दाखला नाही, पुढच्या वर्षी या,” असं कुणी म्हणालं तर गटातल्या दोघीतिघी मिळून जा आणि हे सांगा.

पुढच्या बैठकीत बचत, कर्ज आणि परतफेडीनंतर एक विषय वाढवा: मुलांची पायरी. आपल्या गटात यंदा सातवी आणि आठवी झालेली मुलं-मुली कोण, त्यांची नावं इतिवृत्तात लिहा. प्रत्येकीच्या पुढे तीन रकाने: शाळा ठरली का, प्रवेश झाला का, सोबत कोण जाणार. ज्या आईला कामावरून सुट्टी मिळत नाही, तिच्या मुलीच्या खेपा दुसरीनं माराव्यात. कर्जाला आपण एकमेकींना जामीन राहतो, तर यालाही राहू.

ही यादी १० जूनपर्यंत तुमच्या सचिवांनी संघाच्या ऑफिसमध्ये पाठवावी. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत मी प्रत्येक गटात येणार आहे. तेव्हा आपण एकच गोष्ट बघू: यादीतली प्रत्येक मुलगी शाळेत आहे ना. जी नसेल, तिच्या घरी त्याच दिवशी सगळ्याजणी मिळून जाऊ.

तुमची,
क्षेत्र समन्वयक